उजेड लागलेला रोल

खोली पाहायला गेलो तेव्हा बाईंनी मला दोनच प्रश्न विचारले. "गाडी हाये काय?" आणि "रविवारी काय करतो?" त्याआधी वर्ध्यात मी बरीच घरं पाहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी माझी जात, गाव, लग्नाचा बेत आणि अंडी खातो की नाही याची कसून चौकशी झाली होती. बाईंना त्यातल्या कशातच रस नव्हता. मी खरं तेच सांगितलं. मोटारसायकल आहे आणि रविवारी झोपतो.

"झोप रातची असते," असं म्हणून बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं किती, हे मलाच विचारावं लागलं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. विजेच्या कार्यालयात कारकून म्हणून वर्ध्याला आलो आणि बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला लागलो. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली होती. लग्न केलं नव्हतं. सगळी वस्ती त्यांना ‘विज्ञानाच्या बाई’ म्हणायची, आणि त्या हाकेत थोडी भीती असायची. कारण बाईंच्या फाटकासमोरून जाणाऱ्या कुणालाही, अगदी दूधवाल्यालासुद्धा, त्या थांबवून विचारायच्या, "सांग बरं, दूध उतू जाते, पाणी काऊन नाई जात?" दूधवाला पुढे पुढे मागच्या गल्लीने यायला लागला.

पहिल्या रविवारी सकाळी दारावर थापा पडल्या. दार उघडलं तर बाई उभ्या. डोक्यावर हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळलेला, अंगावर इस्त्रीची सुती साडी, खांद्याला जाड कापडाची पिशवी. पिशवीत पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, टॉर्च, भिंग आणि रंगाऱ्याकडे असतो तसला एक मऊ ब्रश.

"देवळीले जाऊ," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, देवदर्शन असेल. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून तोंड धुऊन निघालो. त्या मागे एका बाजूने बसल्या. डावीकडे वळायचं असेल तर माझ्या डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडे वळायचं असेल तर उजव्या. वेग वाढला की पाठीत बोट. देवळीत देऊळ बाजूलाच राहिलं. आम्ही थांबलो ते एका झेरॉक्सच्या दुकानासमोर. तिथे पूर्वी फोटो स्टुडिओ होता, आणि त्या दुकानाच्या माळ्यावर एक रोलवाला जुना कॅमेरा पडून असल्याची पक्की बातमी बाईंकडे होती. ही बातमी त्यांना कुठून मिळायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत त्यांचा कुणीतरी विद्यार्थी होता आणि उरलेल्या निम्म्या घरांत त्या विद्यार्थ्यांची सासुरवाडी, एवढंच मी सांगू शकतो.

जुना कॅमेरा विकत घ्यायची बाईंची एक रीत होती. घरात शिरल्यावर कॅमेऱ्याचं नावही काढायचं नाही. आधी पाणी मागायचं. मग मालकाला न्याहाळून म्हणायचं, "तू कोणाचा रे?" तो बापाचं नाव सांगायचा. "अस्सं. तुह्या बापाले मी शिकवलं. चुंबक गिळला होता त्यानं." मग घरातल्या सुनेचं माहेर, पोरांचे मार्क, विहिरीचं पाणी, सगळं व्हायचं. मी घड्याळाकडे पाहत कुरकुरत बसायचो. शेवटी मालकच कंटाळून म्हणायचा, "बाई, येणं कसं केलं?" त्यावर बाई जणू आत्ताच आठवल्यासारखं करून म्हणायच्या, "काई नाई रे. घरात एखादा जुना कॅमेरा पडला असन तं दाखव."

मग माळ्यावरून कॅमेरा खाली यायचा. कधी बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला, कधी चिवड्याच्या डब्यात. बहुतेक कॅमेऱ्यांवर हळदीकुंकवाचे वाळलेले ठिपके असायचे. फोटोग्राफर लोक दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करायचे, त्या साऱ्या दसऱ्यांची हळद चामड्याच्या शिवणीत बसलेली असायची. बाई ब्रशने धूळ झाडायच्या पण हळदीला हात लावायच्या नाहीत. मग कॅमेरा कानाशी धरून, डोळे मिटून खटका दाबायच्या. सगळं घर गप्प व्हायचं. "याले दमा झाला," असं कधी म्हणायच्या. कधी, "हा चांगला बोलून राह्यला." मग घासाघीस. ती इतक्या चवीने चालायची की पाहायला शेजारपाजारचे जमायचे आणि दोन्ही बाजूंनी सल्ले द्यायचे. अलीकडे नागपूरची हौशी पोरं फोनवरच सौदा करून असे कॅमेरे उचलायला लागली होती. बाईंना त्याचा फार राग. "पाणी नाई पेत, काई नाई पेत, वस्तू नेतात," त्या म्हणायच्या.

आणि सगळं झाल्यावर, दारात चपला घालता घालता, पाठमोऱ्या असताना त्या एक प्रश्न विचारायच्या. "अन् जुन्या निगेटिव्हा फेकल्या काय रे सगळ्या?"

हे मी चारपाच रविवारांनंतर टिपलं. सगळीकडे हाच प्रश्न, आणि दरवेळी पाठमोऱ्या.

त्याचं कारण सांगण्याआधी पापडांचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. पावसाळ्यात जुन्या भिंगांना बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे ऊन, आणि उन्हाचा वर्धा जिल्ह्यात तोटा नाही. उन्हाळा लागला की वस्तीतल्या बायका गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या आणि त्यांच्याच शेजारी आमच्या बाई तांदळाच्या सुपात कॅमेऱ्यांची भिंगं वाळत घालायच्या. कावळ्यांना हुसकायला मी. एका भर दुपारी शेजारच्या काकूंची किंकाळी ऐकू आली. सुपातलं एक भिंग कलंडलं होतं आणि त्यातून गेलेल्या उन्हाने काकूंच्या कोऱ्या चादरीला भोक पाडून वर दोन पापडही जाळले होते.

"बाई, तुमच्या भिंगानं माही चादर जाळली!"

"भिंगानं नाई, सूर्यानं जाळली," बाई म्हणाल्या. मग जवळ जाऊन भोकाकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर पोरांना भिंगाने कागद जाळून दाखवणारी बाई, आणि तीच उन्हात भिंग उघडं ठेवून जेवायला गेली होती. संध्याकाळी त्यांनी काकूंना नवी चादर नेऊन दिली आणि जळकी मागून आणली. पुढे वस्तीतल्या पोरांना भिंगाचं नाभीय अंतर शिकवताना ती चादर बाहेर निघायची. चूक कुणाची होती हेही त्या पोरांना न चुकता सांगायच्या.

दुसरा त्रास न्हाणीघराचा. माझ्या खोलीला लागून असलेलं न्हाणीघर आम्हा दोघांत होतं, आणि त्यात बाईंनी लाल बल्ब लावलेला. खिडकीला काळा पुठ्ठा. फळीवर माझ्या साबणाशेजारी फोटो धुण्याच्या रसायनांच्या बाटल्या, आणि कोपऱ्यात मेणकापडाखाली फोटो मोठा करायचं एक जुनं यंत्र. मी लाल दिव्यात दाढी करायचो. गाल कापला तर त्या उजेडात रक्त दिसत नाही, हे मला कार्यालयात गेल्यावर साहेबांच्या तोंडाकडे पाहून कळायचं. एवढी जय्यत तयारी, पण बाई फोटो धुताना मात्र कधी दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "वेळ आली की लागन."

ती वेळ कसली, ते त्यांनी सेलूला सांगितलं. तिथल्या एका बंद स्टुडिओत काहीच हाती लागलं नव्हतं. परत निघताना आम्ही रस्त्याकडेला चहाला थांबलो आणि मी वैतागून म्हणालो, "बाई, एवढे कॅमेरे घेता, एकाने तरी फोटो काढता का? आणि त्या निगेटिव्ह कशाला हव्यात तुम्हाला?"

बाईंनी बशीतला चहा संपवला. मग अगदी वर्गात सांगतात तसं क्रमाने सांगितलं.

बाईंचे वडील त्या रांगत असतानाच गेले. मग त्या आणि त्यांची आई तळेगावला काकांच्या आसऱ्याला राहिल्या. आई त्या घरचा सगळा स्वयंपाक करायची. काकांच्या मुलीचं लग्न निघालं. बाई तेव्हा पाचवीत. लग्नात सायकलवरून एक फोटोग्राफर आला होता. वरातीच्या गोंधळात मांडवात बैल घुसला आणि एकच पळापळ झाली, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ती पळापळ निवल्यावर त्या फोटोग्राफरच्या मागे लागल्या. माझ्या मायचा फोटो काढा.

"लय मागं लागली मी. शेवटी म्हणे, जा, घेऊन ये. मी पळत गेली, पुऱ्या तळून राह्यली होती, तिले तशीच ओढत आणली. ती म्हणे, अवं, मले काऊन? पण आली. पदराले हात पुसले अन् गोठ्याच्या भिंतीपाशी उभी राह्यली. फ्लॅश पडला. इतका उजेड माह्या मायवर कधी पडला नव्हता."

लग्नाचा अल्बम आला, त्यात तो फोटो नव्हता. काकांनी चौकशी केली. उत्तर मिळालं, एका रोलला उजेड लागला, त्यात थोडे फोटो गेले. बाई दहावीत असताना आई वारली. तिचा दुसरा एकही फोटो कुठे नव्हता. काका गेले, बहिणीचा अल्बम वाळवीने खाल्ला, तो फोटोग्राफर कोणत्या गावचा होता हे सांगणारं कुणी उरलं नाही.

"तिचा आवाज आठवते मले," बाई म्हणाल्या. "बांगड्या आठवतात. तोंड आठवत नाई. लय जोर लावला तं तळेगावच्या काकूचं तोंड दिसते."

"पण बाई, रोल तर खराब झाला होता ना?"

त्यावर त्या माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे पाहावं तशा पाहायला लागल्या. "उजेड लागला म्हणजे सगळं जात नाई, बाबू. निगेटिव्ह काळी होते. पण त्या काळ्यात बी चित्र असते. थोडंसं असते. मागून जोरदार उजेड टाकला, दम धरला, तं काईतरी उमटते कागदावर. नाक उमटलं तरी लय झालं. बाकी मले आपोआप आठवन."

म्हणून तो लाल बल्ब, म्हणून ते कोपऱ्यातलं यंत्र. सारी तयारी एका काळ्या पडलेल्या निगेटिव्हसाठी होती. त्या दिवसापासून मी रविवारच्या झोपेबद्दल कुरकुर केली नाही. केली असेल, पण मनात.

बाई आता नाहीत. माझी गडचिरोलीला बदली झाली आणि तिथे असतानाच त्या गेल्याचं कळलं. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या भाच्याने कॅमेरे नागपूरच्या कुणाला तरी दिलेही होते. "तुमाले काई पायजे असन तं न्या," तो म्हणाला. मी एक बंद पडलेला फ्लॅश उचलला. भाच्याला ते काही पटलं नाही, त्याने मला एक चांगला पंखाही घ्यायला लावला. घरी येऊन मी पुष्कळ रडलो. माझ्या स्वतःच्या मावशीसाठी एवढा रडलो नव्हतो.

तो फ्लॅश आम्ही आर्वीहून आणला होता. थंडीचे दिवस होते, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले. मोबाइलच्या एका दुकानामागच्या खोलीत त्या दुकानदाराचे वडील बसले होते. मफलर, स्वेटर, कानटोपी, आणि त्या सगळ्यातून लुकलुकणारे मिश्कील डोळे. तरुणपणी ते लग्नांचे फोटो काढायचे. बाईंनी रीतीप्रमाणे पाणी मागितलं, पण या घरी कुणी विद्यार्थी निघेना. मग म्हातारबुवांनीच कॅमेरा मागवला. एकावर एक दोन भिंगं असलेला, वरून खाली पाहायचा कॅमेरा. सोबत त्याचा फ्लॅश. दोन्ही हळदीने पिवळे झालेले.

"याच्यावर माही आर्धी जिनगानी गेली," ते म्हणाले. "आर्वी, आष्टी, तळेगाव, सारं सायकलवर. आता माह्या पोराले इचारा रोल म्हणजे काय, तं थो जेवाचा रोल सांगते."

बाईंच्या हातात पाण्याचा पेला होता. तो हातातच राहिला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी समोरासमोर विचारलं. "तळेगावले एका लग्नात मांडवात बैल घुसला होता म्हणे."

म्हातारबुवांनी मांडीवर थाप मारली. "म्हणे कायले? मीच होतो न तवा! नवरदेवाच्या बापाचा फेटा खाल्ला त्यानं! आर्धा खाल्ला अन् आर्धा शिंगाले!"

"होय," बाई म्हणाल्या. "गुलाबी फेटा."

इतक्या वर्षांनी, इतक्या गावांनंतर, माणूस समोर बसला होता. बाईंचा आवाज मात्र स्थिर होता. "त्या लग्नाच्या निगेटिव्हा हायेत काय तुमच्यापाशी?"

"लय साऱ्या तं चांदीवाल्यानं नेल्या. जुन्या फिल्मातून चांदी निघे न. पण पेटीत काई राह्यल्या असन. पाहू म्हणता तं पाहू."

"मले चांगल्या नको. त्या लग्नात एका रोलले उजेड लागला होता. तो काळा झालेला रोल ठेवला होता काय तुमी?"

म्हातारबुवा आधी गोंधळले. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, सुनेने पाणी आणून दिलं, ते प्यायल्यावर पुन्हा हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. जुनी खोडी सांगायला मिळाली की माणूस हसतो, तसंच ते होतं.

"बाई, आता तुमाले सांगाले काय हरकत. उजेड गिजेड काई लागत नोता. थे आमी सांगत जाओ. हे पाहा, रोल महाग. एका रोलात बारा फोटो. अन् लग्नात जो थो मागं लागे, माहा काढ, माह्या पोट्ट्याचा काढ. नाई म्हटलं तं रुसवे. मग काय करो, नुस्ता फ्लॅश मारो." त्यांनी फ्लॅश उलटा करून पाठीमागचं एक बारीक बटण दाखवलं. "हे पाहा. चालू हाये की नाई थे पाहाचं बटन. हे दाबलं की नुस्ता उजेड पडे. कॅमेऱ्याचा खटका दाबाचाच नाई. माणूस खूश, रोल शिल्लक. मागून कोणी इचारलं तं सांगाचं, रोलले उजेड लागला. साराच धंदा करे तसं, मी एकटा नाई."

खोलीत मी होतो, ते होते, त्यांची सून होती. मला बाईंकडे पाहवेना.

"कोणाले मारत होते नुस्ता फ्लॅश?" बाईंनी विचारलं.

"आता पाव्हण्याले तं मारता येत नोता. मानाची माणसं अल्बमात आपला फोटो शोधतात. लहान पोट्टे, गडीमाणसं, सैपाकाकडल्या बाया," ते म्हणाले. "ज्याईचा फोटो कोणी शोधाले येनार नाई, असे."

बाईंनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की वर्गात हलवत असतील तशी. त्यांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. किंवा मी तरी बोलावं, या माणसाला सांगावं की त्यातल्या एकीची मुलगी शोधायला आली आहे, तुमच्यासमोर बसली आहे. मी तोंड उघडलंही, पण बाईंनी हाताने थांबवलं.

"चालते काय हा अजून?"

"सेल टाकले तं चालन."

दुकानातून सेल आणले. फ्लॅशमधून बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला, तो चढत चढत गेला आणि मागे लाल ठिपका पेटला. बाई उठल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी काढून बाजूला ठेवलं आणि त्या रिकाम्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मारा," त्या म्हणाल्या.

"बाई, कॅमेऱ्यात रोल नाई."

"मले मालूम हाये. मारा तुमी."

मग त्यांनी पदराला दोन्ही हात पुसले. हात कोरडेच होते. पदर नीट केला, मान थोडी वर केली आणि हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारबुवांनी सवयीने म्हटलं, "इकडे पाहा, बाई," आणि बटण दाबलं. ती छोटी खोली पांढरी झाली.

मग बाईंनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मागितले, आणि म्हातारबुवांनी जो आकडा सांगितला तो घासाघीस न करता दिला. म्हातारबुवांना ते खटकलं असावं. त्यांनी आग्रहाने सुनेकडून पिशवीभर संत्री आणवली. निघताना त्यांनी विचारलं, "बाई, थे लग्न तुमच्या कोणाचं होतं काय?"

"बहिणीचं," बाई म्हणाल्या. "अल्बम लय चांगला झाला होता तुमचा."

दारात चपला घालताना त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यानंतरच्या कुठल्याच घरी विचारलं नाही. कॅमेरे घ्यायला मात्र आम्ही पुढेही जात राहिलो, कारण तोवर त्यांना कॅमेऱ्यांचाच नाद लागला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

परतीच्या वाटेवर मी गाडी वेगात चालवत होतो. पाठीत बोट टोचलं नाही, म्हणून आणखी वेगात. खरांगण्याच्या अलीकडे त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर एकदम हात ठेवले. हा इशारा माझ्या ओळखीचा नव्हता. मी थांबलो. त्या उतरल्या, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि एका निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही. मी त्या म्हाताऱ्याला फसव्या म्हणालो, लबाड म्हणालो, अजून काय काय म्हणालो.

"गप," बाई म्हणाल्या. "बारा फोटो होते त्याच्यापाशी. त्यात नवरदेवाचा मामा बसवन की पुऱ्या तळणारी? तूच सांग."

शेतात कापसाच्या गाड्या भरत होत्या, त्यांच्याकडे बाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"माय आजारी होती न," त्या म्हणाल्या, "तं जो भेटाले ये त्याले सांगे, माहा एक फोटो हाये. तळेगावच्या लग्नातला. फोटोवाल्यापाशी राह्यला. माही पोरगी शिकली की आणन. डॉक्टरले बी सांगतलं तिनं. नर्सबाईले सांगतलं. रोलचं तिले कोणी सांगतलंच नव्हतं. लय अभिमान होता तिले त्या फोटोचा. कसा आला असन, इचारे मले. पदर नीट होता काय वं? मी म्हणो, होता."

त्यांचा आवाज तिथे फुटला. बाई रडायला लागल्या. हेल्मेट छातीशी धरून, रस्त्यावरून जाणाऱ्यांची पर्वा न करता, लहान मुलीसारख्या रडल्या. मी शेजारी उभा होतो. काय करावं ते कळेना म्हणून पाण्याची बाटली उघडून धरली.

पाणी पिऊन त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तिले मरेपर्यंत वाटलं, आपला फोटो हाये," त्या म्हणाल्या. "फोटो नाई, हे तिले कधी समजलं नाई. बरं झालं रे. समजाले मीच उरली."